रेषा चिताऱ्याची, रंग सुताराचा

ज्या 1738 साली नेपल्सच्या राजाने व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या हेर्क्युलेनियम नगराचे उत्खनन सरकारी खर्चाने सुरू केले, त्याच साली तेथून शेकडो कोस उत्तरेस, मिलानपासून वीस-पंचवीस किलोमीटरांवरील पाराबियागो नावाच्या गावी जुझेप्पे माज्जोलीनी हा सुतार जन्मास आला. हा योगायोगच खरा. परंतु अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील इटालियन जडावाच्या लाकडी सामानाचा विचार करू लागले म्हणजे या दोन घटना एकमेकींपासून वेगळ्या काढणे अवघड होते. उत्खननातून ज्या तिवया, दीपपात्रे, पुष्पहार, मुखवटे आणि भिंतीवरील नर्तकी वर आल्या, त्यांची चित्रे 1757 पासून नेपल्सच्या राजाज्ञेने मोठमोठ्या खंडांतून प्रसिद्ध होऊ लागली. आणि त्या चित्रांतील आकृती लाकडाच्या तुकड्यांतून मेजांवर व कपाटांवर उतरवण्याचे काम इटलीत ज्या हातांनी सर्वांत समर्थपणे केले, ते हात पाराबियागोच्या या सुताराचे होते.

या सामानावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. ते बहुतेक दोन अंगांनी लिहिलेले आढळते: कोणती वस्तू खरी आणि कोणती नक्कल हे ठरवण्यासाठी एक, आणि कोणत्या चित्रकाराने कोणता आराखडा दिला याचा छडा लावण्यासाठी दुसरे. ही दोन्ही कामे आवश्यक आहेत. परंतु या दोहोंच्या मुळाशी असलेला प्रश्न त्यामुळे बाजूस पडतो असे मला वाटते. कागदावर रेखाटन चिताऱ्याने करावयाचे आणि लाकडात ते सुताराने उतरवावयाचे, अशी जेथे वहिवाट होती, तेथे सिद्ध झालेले चित्र कोणाचे म्हणावयाचे? माझे मत सुताराच्या बाजूचे आहे, आणि ते केवळ हस्तकौशल्याविषयीच्या आदरातून बनलेले नाही.

प्रश्न जुना आहे. पंधराव्या शतकात उर्बिनोचा ड्यूक फेदेरिगो याने आपल्या वाड्यातील अभ्यासिकेच्या भिंती लाकडाच्या चित्रांनी मढवून घेतल्या, तेव्हा अर्धवट उघडी कपाटे, त्यांतील ग्रंथ, वाद्ये आणि शास्त्रीय उपकरणे सपाट फळीवर अशी उतरली की पाहणाराचा हात नकळत पुढे जावा. ओलिवेतान पंथाचा साधू फ्रा जोव्हान्नी दा व्हेरोना याने पुढे लाकडास उकळत्या रंगद्रव्यांत व झिरपणाऱ्या तेलांत मुरवून रंगछटांची संख्या वाढवली, अशी साक्ष चरित्रकार वाझारी देतो. आणि तोच वाझारी या कलेस चित्रकलेचे खालचे पाऊल समजून, यात प्रतिभेपेक्षा सोशिकपणा अधिक लागतो आणि कीड व आग यांपुढे ती टिकत नाही, असा अभिप्रायही देतो. वाझारी स्वतः चित्रकार होता हे येथे विसरू नये. बेर्गामोच्या सांता मारिया माज्जोरे या मंदिरातील गायकांच्या आसनांसाठी लोरेन्झो लोत्तोसारख्या थोर चित्रकाराने 1524 पासून आराखडे दिले आणि ते कापोफेर्री नावाच्या तरुण कारागिराने लाकडात बसवले. लोत्तो पुढल्याच वर्षी व्हेनिसला निघून गेला व तेथून रेखाटने आणि सूचनांची पत्रे धाडीत राहिला. त्या पत्रांचे दप्तर शाबूत राहिल्यामुळे चित्रकाराची बाजू इतिहासास ठाऊक आहे; कारागिराची बाजू मात्र केवळ लाकडावर लिहिलेली आहे आणि ती वाचणारे थोडे.

सतराव्या शतकात व अठराव्याच्या पूर्वार्धात ही चित्रमय जडावाची परंपरा इटलीत क्षीण झाली. त्याचे कारण केवळ अभिरुचीत शोधू नये, कारण ते बरेचसे सामानाच्या आकारातच होते. रोकोको पद्धतीच्या कपाटांची पोटे फुगलेली, कडा वळलेल्या, पाय नागमोडी. अशा वक्र पृष्ठावर लाकडाचा पातळ पापुद्रा वाकवून चिकटवणे हेच मुळी जिकिरीचे, मग त्यावर मनुष्याकृतीचे चित्र कोठून साधावे? तुरीनच्या पियेत्रो पिफ्फेत्तीने हस्तिदंत, शिंपला आणि दुर्मीळ लाकडे यांनी अशा वळणांवरही अद्‌भुत कामे करून दाखवली, परंतु तो अपवाद. नवअभिजात पद्धतीने कपाटाची अंगे सरळ केली, पाय खाली निमुळते होत जाणाऱ्या चौकोनी खुंट्यांसारखे केले आणि समोरची बाजू एका सपाट फलकात परिणत केली. आणि तसे होताच जडावकारास तीन शतकांपूर्वीची आपली पाटी पुन्हा कोरी मिळाली. फ्रेंच कारागीर याच काळात अशा सपाटीवर सोनेरी मुलाम्याची पितळी व कांशाची नक्षी ठोकीत होते. लोम्बार्दीत धातूचा वापर मोजका राहिला आणि कोपऱ्यांची, चौकटींची, हारांची सर्व कामगिरी लाकडाकडेच आली. हे सामान पाहताना प्रथम जाणवते ती हीच संयतता: दुरून एक साधा खणांचा पेटारा, जवळ जावे तसतसे पदक, पदकात रोमन मुखाकृती, भोवती गुलाब आणि ऑलिव्हच्या डहाळ्या.

माज्जोलीनीचा उत्कर्ष हा त्या काळच्या आश्रयव्यवस्थेचा नमुना आहे. सिस्तेर्शियन मठाच्या सुतारखान्यात तो शिकला आणि गावच्या चौकात त्याने स्वतःचे दुकान मांडले. चित्रकार जुझेप्पे लेवाती आणि मार्क्विस लित्ता यांनी त्या दुकानाचे काम पाहिले आणि लित्तांच्या लाइनाते येथील प्रासादासाठी त्यास फर्माईश मिळाली, असे परंपरा सांगते. 1771 साली सम्राज्ञी मारिया तेरेझाचा पुत्र आर्चड्यूक फेर्दिनांद हा लोम्बार्दीचा कारभार पाहण्यास मिलानला आला आणि त्याचा मारिया बेआत्रिचे देस्ते हिच्याशी विवाह झाला. त्या नव्या दरबारास वाडे हवे होते, वाड्यांना सामान हवे होते. वास्तुकार पियेरमारीनीने मिलानच्या राजवाड्याचे नूतनीकरण केले, 1777 पासून मोंझाचा प्रासाद उभा केला, 1778 साली स्काला नाट्यगृह खुले केले. या सर्व उलाढालीत पाराबियागोच्या सुतारास राजघराण्याचा जडावकार हा किताब मिळाला आणि त्याच्या हातच्या मेजांबरोबर त्याच्या हातच्या लाकडी जमिनीही राजवाड्यांत बसल्या. 1776 साली मिलानमध्ये ब्रेरा अकादमी स्थापन झाली, जोकोंदो आल्बेर्तोल्ली तेथे अलंकरण शिकवू लागला, आणि सुताराच्या कारखान्यास रेखाटनांचा पुरवठा करणारी एक संपूर्ण पिढीच जणू तयार झाली. लेवाती, आल्बेर्तोल्ली, पुढे इटलीतील नेपोलियनचा मुख्य चित्रकार झालेला आंद्रेआ आप्पियानी, या सर्वांची रेखाटने त्या कारखान्यात आली. आणि सुदैवाने ती टिकलीही. मिलानच्या स्फोर्झेस्को किल्ल्यातील संग्रहात ‘माज्जोलीनी’ या नावाने जतन केलेला रेखाटनांचा जो मोठा साठा आहे, त्याच्या तोडीचे दप्तर युरोपातील फार थोड्या सुतारांमागे राहिले असेल.

याच दप्तरामुळे चिताऱ्याचे पारडे पुन्हा जड झाले. कागद समोर असला म्हणजे कर्ता तोच वाटू लागतो. म्हणून त्या कागदावर काय असते आणि काय नसते हे नीट पाहिले पाहिजे. कागदावर बाह्यरेषा असते, छायेची दिशा असते. गुलाबाची पाकळी कोणत्या झाडाच्या लाकडातून घ्यावी, त्या लाकडाचे रेशे पाकळीच्या देठाकडून कडेकडे जावेत की आडवे यावेत, शेजारच्या पानाचे लाकूड तिच्याहून किती गडद असावे म्हणजे पाकळी पुढे येईल आणि तरी पान मागे बुडणार नाही, हे कागद सांगत नाही. ते सुताराच्या लाकडाच्या कोठारात ठरते. माज्जोलीनीच्या कोठारात 86 जातींची लाकडे होती असे परंपरेने सांगितले जाते, आणि त्याने शक्य तेथे लाकडाच्या निसर्गदत्त वर्णावरच भिस्त ठेवली. निळा, हिरवा, गुलाबी असे जे रंग कोणतेही झाड मनाजोगे देत नाही, तेवढ्यांपुरतेच रंगवलेले लाकूड तो वापरी. पिवळ्यासाठी दारुहळदीच्या जातीचे झुडूप, पांढऱ्यासाठी हॉली आणि मेपल, फिकट मांसवर्णासाठी पेअरचे लाकूड, हस्तिदंती छटेसाठी बॉक्सवुड, जांभळ्या-तपकिरीसाठी समुद्रापलीकडून आलेली शिसवीची भावंडे, काळ्यासाठी आबनूस, आणि या सर्वांची पार्श्वभूमी म्हणून गावचा अक्रोड. चितारी रंग कालवून हवा तो रंग करतो. सुतारास तो झाडात शोधावा लागतो, आणि जे झाड मिळाले त्याच्या मर्यादेत सगळे चित्र पुन्हा विचारात घ्यावे लागते.

एका पाकळीची गोष्ट जवळून पाहू. ओंडका दोघा माणसांनी धरलेल्या करवतीने उभा चिरून मिलिमीटर-दोन मिलिमीटर जाडीचे पापुद्रे काढले जात. हे काम इतके नासाडीचे की जेवढे लाकूड हाती लागे जवळजवळ तेवढेच भुश्श्यात जाई. पापुद्र्यावर रेखाटनाची नक्कल चिकटवून केसासारख्या बारीक पात्याच्या करवतीने पाकळी कापली म्हणजे तिची आकृती मिळाली, गोलाई नाही. गोलाई आणण्यासाठी लोखंडी तसराळ्यात बारीक वाळू निखाऱ्यांवर तापवावयाची आणि चिमट्यात धरलेल्या पाकळीची एक कड त्या वाळूत काही क्षण खुपसून ठेवावयाची. वाळू तळाशी अधिक तप्त आणि वर कमी, त्यामुळे कड करपून गर्द तपकिरी होते आणि तो गर्दपणा आत येता येता आपोआप विरत जातो. कुंचल्याने इतकी मृदू छाया क्वचितच साधेल. दोन क्षण अधिक गेले तर कोळसा, दोन क्षण कमी तर पाकळी सपाटच. शिवाय उष्णतेने लाकूड आक्रसते, म्हणून करपलेला तुकडा किंचित ओलावून पुन्हा मूळ मापावर आणावा लागतो, नाहीतर शेजाऱ्याशी सांधा बसत नाही. अशी शेकडो शकले कागदावर उलटी मांडून, सरसाने एकत्र बांधून, मग कपाटाच्या अंगावर गरम सरसात दाबून बसवायची, वरून तासणीने सपाट करायची, आणि शेवटी पानांच्या शिरा किंवा चेहऱ्याच्या भुवया तीक्ष्ण छिन्नीने कोरून त्या रेषांत काळी लुकण भरायची. सरसाच्या भांड्याचा तो उग्र वास ज्यांनी आपल्याकडील सुतारआळीत लहानपणी घेतला आहे, त्यांना या कारखान्याची हवा समजण्यास प्रवास करण्याची गरज नाही. निदान मला तरी पहिल्यांदा या कामाचे वर्णन वाचताना तोच वास आला.

आता, या सर्व क्रियेत जेथे निर्णय आहे तेथे चितारी हजर नाही. लाकूड निवडणे हा निर्णय, रेशांची दिशा हा निर्णय, वाळूतले क्षण हाही निर्णयच. आणि या तिहींच्या बेरजेलाच आपण रंग म्हणतो. आप्पियानीचे रेखाटन मंद हाताच्या कारागिराकडे गेले असते तर आज आपल्यापुढे एक सुबक बाह्यरेषा असती, चित्र नसते. लोम्बार्दीत असे सामान पुष्कळ झाले, आणि त्यातूनच या विषयातील दुसरा घोळ उत्पन्न झाला. माज्जोलीनीने आपल्या वस्तूंवर क्वचितच सही केली. त्याच्या हयातीतच आसपासच्या गावांतून त्याच पद्धतीची कपाटे बनू लागली, 1814 साली त्याच्या मृत्यूनंतर पुत्र कार्लो फ्रान्चेस्को आणि शिष्य केरुबीनो मेझ्झानझानिका यांनी कारखाना चालवला, आणि एकोणिसाव्या शतकात जुन्या नमुन्यांची मागणी वाढताच नकलांचाही सुकाळ झाला. परिणामी ‘माज्जोलीनी’ हे नाव इटालियन भाषेत जवळजवळ सामान्यनामच होऊन बसले: सरळ अंगाचे, पदकांकित, फिकट लाकडाच्या जडावाचे कोणतेही कपाट म्हणजे एक माज्जोलीनी. लिलावांच्या यादीत ‘कारखान्यातील’, ‘मंडळातील’, ‘पद्धतीचे’ अशा पायऱ्या लावून हा गोंधळ निस्तरण्याचा यत्न होतो. पारखी लोक खण बाहेर काढून पाठीमागील लाकूड, करवतीचे ओरखडे, पापुद्र्याची जाडी पाहतात. कारण यंत्राने सोललेला नंतरच्या काळचा पापुद्रा कागदासारखा पातळ आणि एकसारखा असतो, हाताने चिरलेला जाड आणि किंचित असमान. या कसोट्या काळ सांगतात, गुणवत्ता सांगत नाहीत. गुणवत्तेसाठी पुन्हा पाकळीकडेच यावे लागते: छाया विरते की तुटते, रेशे आकृतीबरोबर वळतात की आडवे पडतात.

इटलीच्या इतर प्रांतांचा आढावा येथे थोडक्यात आटोपता घेतो, कारण जडावाचे खरे केंद्र लोम्बार्दीच राहिले. तुरीनचा जुझेप्पे मारिया बोन्झानिगो हा अलौकिक, पण तो कोरीवकामाचा धनी. व्हेनिसची प्रीती रंगीत लाखकामावर, रोमची संगमरवरावर व सूक्ष्म मोझेइकवर. एमिलियातील रोलो या लहानशा गावाने अक्रोडाच्या सामानावर जडाव करण्याची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या चालवली, ती ग्रामीण धाटणीची असली तरी मनोहर आहे. आणि दक्षिणेत सोर्रेन्तोने एकोणिसाव्या शतकात प्रवाशांसाठी पेट्या व मेजे करून या कसबास नवे बाजारपेठेचे आयुष्य दिले. मिलानमध्ये मात्र या आश्रयाचा पायाच 1796 साली डळमळला. फ्रेंच सैन्य शहरात शिरले, आर्चड्यूक परागंदा झाला, दरबारी मक्ते थांबले. 1805 साली नेपोलियनने इटलीच्या राजेपदाचा मुकुट धारण केल्यावर व्हाइसरॉय यूजेनच्या दरबाराकडून म्हाताऱ्या जडावकारास पुन्हा काम मिळाले. पण तोवर अभिरुची महोगनीच्या एकसंध गर्द पृष्ठाकडे आणि सोनेरी धातूच्या नक्षीकडे वळली होती.

सुताराची बाजू इतकी दुर्लक्षित राहण्याचे जे सर्वांत मोठे कारण मला दिसते, ते मात्र इतिहासाच्या दप्तरात नाही. ते आहे उजेडात. लाकूड उजेडाने बदलते, आणि प्रत्येक लाकूड आपल्या वाटेने बदलते. शिसवीच्या जातीची जांभळी झाक दशकांच्या उजेडात तपकिरी होते, अक्रोड फिकटतो, हॉली व मेपल यांची पांढरी कांती पिवळी पडते, दारुहळदीच्या जातीचा झळझळीत पिवळा मंदावतो, आणि रंगवलेले निळे-गुलाबी तुकडे तर सर्वांआधी उडतात. गडद उजळते, उजळ गडदते, आणि दोघे मधल्या एका मधाळ रंगात भेटतात. पंधराव्या शतकातील कारागीर हिरव्यासाठी जंगलात पडलेल्या लाकडास एका विशिष्ट बुरशीने दिलेला निळसर-हिरवा वर्ण वापरीत. तो मात्र टिकतो, आणि म्हणूनच काही जुन्या फलकांत बाकी सर्व तपकिरी झाले असता एखादा पोपट किंवा ग्रंथाची पाठ अकस्मात हिरवी दिसते. दोन शतकांनंतर माज्जोलीनीच्या कपाटावर आपल्याला जे दिसते ते असे: बाह्यरेषा शाबूत, कोरीव शिरा शाबूत, पदकाची मांडणी शाबूत, आणि रंगांचे परस्परसंबंध बव्हंशी नष्ट. म्हणजे काळाने चिताऱ्याचा वाटा ठेवला आणि सुताराचा नेला. मग उरलेल्यावरून निवाडा करणारास चितारीच कर्ता वाटावा यात नवल ते काय? ज्या सोनेरी-तपकिरी झाकेस जुन्या सामानाचे रसिक ‘काळाने चढवलेली कांती’ म्हणून दाम मोजतात, ती या सामानाच्या बाबतीत पुष्कळ अंशी पुसल्या गेलेल्या चित्राचीच खूण आहे, हे कटू असले तरी म्हटले पाहिजे.

हा फरक किती मोठा आहे हे आपल्या गोव्यातही पडताळता येते. जुन्या गोव्याच्या बों जेझू बॅसिलिकेत संत फ्रान्सिस झेवियर यांच्या चांदीच्या पेटिकेखाली जी रंगीत पाषाणांची समाधी आहे, ती तोस्कानाचा ग्रँड ड्यूक कोसिमो तिसरा याने फ्लॉरेन्सहून धाडली. शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी याच्या देखरेखीखाली ती घडली आणि 1698 साली येथे बसवली गेली. शैलीने ती नवअभिजात नव्हे, तिच्याहून सुमारे शतकभर जुनी. परंतु तीही इटालियन पद्धतीचे जडावकाम आहे, केवळ लाकडाऐवजी रंगीत पाषाणाचे. कोकणच्या दमट हवेत तीन शतके काढूनही तिच्या दगडांचा लाल लालच राहिला आहे, आणि तिच्यासमोर उभे राहणाऱ्यास कारागिराने ठरवलेला रंग बराचसा जसाच्या तसा भेटतो. मिलानच्या कपाटासमोर तो भेटत नाही.

यावर उपाय काय, हा आज दुरुस्तीकारांपुढचा जिवंत वाद आहे. वरचा थर किंचित तासला तर खालचा रंग पुन्हा झळकतो, हे खरे. एकोणिसाव्या शतकात पुष्कळ सामान असे तासून ‘नवे’ करण्यात आले. परंतु दोन मिलिमीटरांचा पापुद्रा किती वेळा तासावयाचा? प्रत्येक वेळी कोरीव शिरा उथळ होतात, वाळूची छाया जाते, आणि उजेड तर पुन्हा तेच करणार. मी तासण्याच्या विरुद्ध आहे. पडदे ओढून, उजेड मोजून, आहे तेवढे राखावे, आणि खण उघडल्यावर चौकटीच्या ज्या अरुंद पट्टीवर कधीच ऊन पडले नाही तिच्यावरून मूळ छटा नोंदवून घ्याव्यात. मग त्या नोंदींप्रमाणे त्याच जातींच्या ताज्या लाकडांत, त्याच तापलेल्या वाळूने, मूळच्या फलकाचा एक तुकडा नव्याने घडवून तो मूळ वस्तूच्या शेजारी ठेवावा. पदकातील मुखाकृतीचा गाल पेअरच्या लाकडाचा, गुलाबीकडे झुकलेला. मागची भूमी जांभळी. हारातील पाने हिरवी, आणि एका पाकळीची कड जळता जळता वाचलेली.